उशी बडवून राग जात नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की ऑफिसातून आल्यावर मुलाचा अर्धवट गृहपाठ दिसला की तुमचा आवाज चढतो आणि तो झोपला की तुम्ही रडत बसता. मैत्रीण म्हणते उशी बडव, सासूबाई म्हणतात राग गिळायला शिक. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो.

राग म्हणजे कुकरची वाफ, शिटी झाली की मोकळी, असं मलाही वाटायचं. राग आला की मी सोसायटीचा जिना धावत चढायचो. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत भांडायला आणखी दोन मुद्दे सुचलेले असायचे! २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. अंगातली धडधड वाढवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही, धावण्याने तर वाढतोच, असं त्यांना दिसलं. राग उतरतो तो धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी: संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं. व्यायाम तब्येतीला चांगलाच, फक्त तो रागावरचा उतारा नाही.

गिळलेला राग माझ्या घरी अबोला होऊन बाहेर यायचा, तीन-तीन दिवस. खाली माझ्या स्कूटरचा आवाज आला की वर टीव्ही बंद व्हायचा. मी त्याला धाक समजत होतो.

मला उपयोगी पडलं ते अगदी साधं आहे. दुपारच्या डब्यानंतर रात्री आठपर्यंत पोटात फक्त चहा असेल तर निम्मी चिडचिड तिथलीच. ऑफिसातून निघाल्यावर मूठभर चणे-फुटाणे खा, मगच घरी जा. दाराबाहेर दोन मिनिटं थांबा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा-सात मोजत बाहेर. सोडायचा श्वास लांब ठेवला की हृदयाची गती खाली येते. नुसते दहा आकडे मोजून माझं काही झालं नाही, कारण मोजता मोजता मी पुढचं वाक्य जुळवत असायचो.

तरीही भडका उडणार असं वाटलं तर मुलाला सांगा, "माझं डोकं तापलंय, दहा मिनिटांनी बोलू." आणि दहा मिनिटांनी खरंच बोला, नाहीतर तो अबोलाच.

त्या दहा मिनिटांत आपला 'च' शोधायचा. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की प्रसंगापेक्षा आपला हट्ट आपल्याला जास्त पेटवतो. मराठीत तो एका अक्षरात सापडतो: "मी येईपर्यंत गृहपाठ झालाच पाहिजे." त्याऐवजी "झालेला असता तर बरं होतं" असं मनात म्हणून बघा. गृहपाठ तरीही करून घ्यायचाच आहे, पण तो आता तुमच्या अपमानाचा विषय उरत नाही.

ओरडून झालंच तर माफी मागा, आणि तीत "पण तूही…" नको. त्या 'पण'ने माझ्या कितीतरी माफ्या वाया घालवल्या.

हात उचलला जात असेल किंवा मूल तुम्हाला बघून दचकत असेल, तर एवढ्यावर भागवू नका, समुपदेशकाला भेटा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. चिडचिड अलीकडेच वाढली असेल तर थायरॉइडही तपासून घ्या.

दहा मिनिटांचं आजपासून करता येईल. मात्र मुलाला आधी, शांत असताना, समजावून ठेवा. मी न सांगता सुरू केलं होतं, आणि मुलीला वाटलं बाबा पुन्हा रुसले.