जुन्या कोब्यावर नवी खोली : विटा, ब्लॉक, लाकूड की पत्रा?

प्रश्न : घरामागची जुनी शेड पाडली, खाली 10 बाय 12 फुटांचा काँक्रीटचा कोबा तेवढा उरलाय. त्यावरच कमी खर्चात खोली उभी करायचीय, आत्ता हत्यारं, सायकली, शिडी ठेवायला आणि पुढेमागे जमलं तर कोपऱ्यात टेबल टाकून बसायला. गवंडी म्हणतो विटांचीच बांधा, वेल्डर म्हणतो पत्रा मारा, मेव्हणे म्हणतात लाकडी करा, दिसायला भारी. पाया तर तयारच आहे, मग स्वस्तात काय पडेल?

उत्तर : तिघांनी आपापल्याला जे येतं ते सांगितलं, पण तुमच्या कोब्याला कुणी विचारलंय का? आधी एक काम करा, कोब्याच्या कडेला हातभर खोल खणून बघा. चार इंचांवर काँक्रीट संपून माती लागली तर तुमच्याकडे पाया नाहीये, नुसती फरशी आहे. कड खाली दीड-दोन फूट उतरलेली दिसली तर मग गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रावरून मला पहिलाच प्रकार वाटतोय, पाडलेली शेड हलकी असेल तर तिच्याखाली कोण कशाला खोल खणत बसलंय.

आता वजनाचा हिशोब बघा. 8 फूट उंचीची खोली धरली आणि दार-खिडकी वजा केली तर साधारण 30 चौरस मीटर भिंत होते. 9 इंची विटांची केली तर 13 टन, 4 इंची केली तरी साडेसहा टन, वर गिलाव्याचा टन-दीड टन वेगळाच. 6 इंची एएसी ब्लॉक (आत हवेची बारीक छिद्रं असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) घेतले तर पावणेतीन टनांच्या आसपास. आणि लोखंडी चौकटीवर अर्धा मिलिमीटरचा पत्रा मारला तर चौकटीसकट सगळं मिळून जेमतेम अर्धा टन! छताला 4 इंची स्लॅब टाकायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, तो एकटाच तीन टनांच्या घरात जातो आणि हे सगळं वजन नेमकं कोब्याच्या कडेवर येतं, म्हणजे जिथे तो सगळ्यात कमजोर असतो तिथेच. विटांची भिंत हवीच असेल तर बाहेरून चर खणून वेगळा पाया घ्यावा लागेल, मग तयार कोब्याचा फायदा काय राहिला?

म्हणून माझं मत सरळ आहे. खाली कडेनं ब्लॉकचे दोनच थर, त्यावर चौकोनी पाइपची चौकट आणि पत्रा. ते दोन थर शोभेसाठी नाहीत हां. कोबा खोलीपेक्षा थोडा जरी बाहेर राहिला तरी पाऊस त्यावर पडून उडतो, पाणी पत्र्याखालून आत सरकतं आणि वर्षभरात पाइपची बुडं गंजायला लागतात, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता शेडमध्ये शिरलो की आधी खालीच नजर जाते. दाराशी थर घेता येत नाहीत, तिथे निदान दोन इंचांचा उंबरा करा.

पण हलकं म्हणजे निर्धास्त असं समजू नका, इथे उलटी भीती असते, खोली खचायची नाही तर उडायची. ताशी 144 किलोमीटरच्या वाऱ्यात चौरस मीटरला जवळपास 96 किलोचा दाब येतो, म्हणजे तुमच्या छताला वर ओढणारा जोर एक टनापर्यंत जाऊ शकतो आणि खोली भरते अर्धा टन. तेव्हा चौकट बोल्टनं थेट कोब्याला बांधायची, नुसत्या ब्लॉकला नाही. खांब थरांमधून खाली उतरवून बेस प्लेट (खांबाच्या बुडाला जोडलेली लोखंडी पट्टी) कोब्यावरच बसवा आणि खांबाच्या बुडाला दोन हात रंग आधीच मारून घ्या. बोल्ट कडेपासून किमान 4 इंच आत पाहिजे नाहीतर कड फुटते आणि केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, वापरणार असाल तर भोकातली धूळ फुंकून, ब्रश मारून काढा, धुळीवर तो नीट धरत नाही. वेल्डरला हे काम कटकटीचं वाटतं, तुम्ही तिथे उभे राहा.

पत्र्याची खरी खोड म्हणजे उन्हात तापतो आणि थंडीत पहाटे आतून घाम सुटतो, मग हत्यारांवर गंज. टेबल टाकून बसायचंय ना, मग छताखाली इन्सुलेशनची शीट पत्रा मारतानाच अंथरून घ्या आणि समोरासमोर दोन झरोके ठेवा. लाकडाला माझा विरोध नाही, तेही हलकंच आणि आत बसायला पत्र्यापेक्षा बरं, फक्त खालचं आडवं लाकूड काँक्रीटला टेकवू नका, मध्ये ओल अडवणारी पट्टी हवी आणि वाळवीचा बंदोबस्त दर काही वर्षांनी करायची तयारी हवी. ती नसेल तर मेव्हण्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

प्रश्न : आमच्या जुन्या कोब्याला मधोमध तडा आहे, तो फोडूनच टाकायचा का?

उत्तर : तड्यावरून बोट आडवं फिरवा. दोन्ही बाजू एका पातळीत असतील आणि तडा केसासारखा असेल तर भरून घ्या, विषय संपला. एक बाजू खाली गेली असेल तर खालची माती बसतेय. तड्याच्या टोकाला पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पुढे सरकला नाही तर बोल्टची हलकी चौकट चालेल, भिंत मात्र नाही, ती पहिल्या वर्षीच तड्याच्या रेषेत फुटेल. ओलही तपासा, प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून दिवसभर ठेवा, खाली थेंब धरले तर ओल वर येतेय.

प्रश्न : भंगारातून दार-खिडक्या घेतल्या तर पैसे वाचतील ना?

उत्तर : वाचतील, पण आधी त्या आणून अंगणात ठेवा आणि मग चौकट कापायला सांगा. उलटं केलंत तर अर्ध्या इंचासाठी सगळी चौकट परत कापावी लागते. आणि त्याच दिवशी कोब्याचे दोन्ही कर्ण मोजा, 10 बाय 12 ला ते 15 फूट साडेसात इंचांच्या आसपास सारखे यायला हवेत, जुने कोबे बहुतेक वेळा तिरके निघतात. तिरका निघाला तर चौकट गुण्यातच, म्हणजे काटकोनातच ठेवा, फरक कोब्याच्या कडेला सोडून द्या, तिथे तो कुणाला दिसत नाही.