वाचकांचे प्रश्न : मानसशास्त्र घेऊन पोरगी करणार काय?

निकाल लागले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. यंदा तीन पत्रं एकाच विषयाची आहेत. तेहेतीस वर्षं नागपुरात बी.ए.च्या मुलामुलींना मानसशास्त्र शिकवलं, म्हणून हा विषय मला फार जवळचा. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण तो प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. मुलगी बारावी सायन्सला ७१ टक्क्यांनी पास झाली, नीटमध्ये नंबर लागला नाही. आता म्हणते, नागपूरला राहून बी.ए. मानसशास्त्र करते. गावातले विचारतात, पोरगी पागलखान्यात नोकरी करणार काय? खर्चाला मी मागंपुढं पाहणार नाही, पण तीन वर्षांनी तिच्या हातात काय राहील ते स्पष्ट सांगा.

उत्तर : भाऊ, तुम्ही स्पष्ट विचारलंत, मीही स्पष्टच सांगते. तीन वर्षांनी तिच्या हातात पदवी राहील. रुग्णावर उपचार करायचा अधिकार राहणार नाही. प्रवेशाच्या रांगेत हे कोणी सांगत नाही आणि मग तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर पोरं माझ्यासमोर येऊन रडतात.

औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस करतो, मग एम.डी. ती वाट वेगळी. तुमच्या मुलीची वाट चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची असू शकते. त्यासाठी बी.ए.नंतर एम.ए. आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषद (आरसीआय) या सरकारी संस्थेची मान्यता असलेलं, रुग्णांसोबत काम करत घेतलेलं प्रशिक्षण लागतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये ही पात्रता लिहून ठेवली आहे. आजवर हे प्रशिक्षण दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळायचं. आता एम.फिल. बंद होत चाललं आहे आणि परिषदेने त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी त्या वर्षीची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. बारावीनंतर सुमारे सात वर्षं धरून चाला.

सगळ्यांनी क्लिनिकललाच जावं असं नाही. एम.ए. झालेल्या माझ्या विद्यार्थिनी आज शाळांत समुपदेशक आहेत, सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक ठेवावाच लागतो. कोणी एचआयव्ही तपासणी केंद्रात बसते, कोणी कौटुंबिक न्यायालयात, कोणी बालसंरक्षणाच्या कामात. एक रेल्वेत लागली, पण अकाउंट्सला. तरी तिथंही आपला विषय आहेच : असिस्टंट लोको पायलट, म्हणजे गाडीचा सहचालक, व्हायला जी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, ती आपल्याच शास्त्रातून आली. रेल्वे सोडली तर यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार, पहिला पगार बेताचा. हे तुमच्यापासून लपवणार नाही. नुसत्या बी.ए.वर संस्थांच्या प्रकल्पांत माहिती गोळा करण्याचं किंवा कंपनीत एचआरच्या हाताखालचं काम मिळतं, आणि स्पर्धा परीक्षा इतर पदवीधरांसारख्याच देता येतात.

आता तिचं सायन्स वाया जाईल का, ते सांगते. आमच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग आहे, आरशात पाहून चांदणी काढायचा. टेबलावर दुहेरी रेघांची चांदणी, समोर आरसा, हातावर पडदा. मुलगी फक्त आरशात बघते आणि दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवते. पहिल्या फेरीत हात भलतीकडेच जातो, कोपऱ्यावर तर पेन्सिल जागची हलत नाही. रेघेला लागली की एक चूक. शेजारची मैत्रीण स्टॉपवॉच धरून वेळ आणि चुका मोजते. सुरुवातीला डाव्या हाताची एक फेरी घेऊन ठेवायची, आणि उजव्या हाताने पुष्कळ फेऱ्या झाल्यावर पुन्हा डाव्या हाताने काढायला लावायचं. डावा हात आधीपेक्षा चांगला चालतो, सराव फक्त उजव्याने केलेला असूनही! मौद्याहून एसटीने येणारी माझी एक विद्यार्थिनी पेन्सिल खाली ठेवून म्हणाली होती, “मॅडम, हे माझ्या हाताला कोणी सांगितलं?” तिथून पुढं ती सांख्यिकीला कधी घाबरली नाही, कारण तिला उत्तर हवं होतं. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध यांत आर्ट्सची किती तरी पोरं गळतात. सायन्स करून आलेली मुलगी तिथं दोन पावलं पुढं असते.

म्हणून एक करा. प्रवेश घेण्याआधी तिला सोबत घेऊन कॉलेजात जा आणि मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांची जर्नलं शेजारी शेजारी ठेवा. दोघांचे आकडे सारखेच असतील तर तिथं प्रयोग झालेले नाहीत, नकला उतरवल्या आहेत. तिथं तिला घालू नका, कॉलेज कितीही नावाजलेलं असलं तरी.

आणि गावातल्या लोकांचं. नागपूरचे ऑटोवाले आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात, पण तिथं आहे ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८६४ पासूनचं. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चारच : ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि आपलं नागपूर. विदर्भातला शेतकरी पीक बुडाल्यावर रात्र रात्र जागा असतो, त्याच्या बायकोला कोणाशी बोलावं कळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? तुमची मुलगी त्या घरातली भाषा जाणते. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला ती शिकायला वर्षं लागतील.

प्रश्न : मी नंदनवनला राहते, बी.ए. तृतीय वर्षाला आहे. समुपदेशनाचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट आहे. इन्स्टाग्रामवर पेज काढून फी घेऊन काउन्सेलिंग सुरू करू का? मैत्रिणी म्हणतात, तू छान ऐकून घेतेस.

उत्तर : नको, बाळा. तू छान ऐकून घेत असशील, यावर माझा विश्वास आहे. पण ऐकलेल्यातलं काय आपल्या हातातलं नाही, हे ओळखायला दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करावं लागतं.

माझीच गोष्ट सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं. वर्गातली एक हुशार मुलगी मंदावली, दुपारच्या प्रॅक्टिकलला डुलक्या घ्यायची, कशातच रस नाही म्हणायची. परीक्षेची चिंता आहे असं मी ठरवून टाकलं. अडीच महिने मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलत होते, वेळापत्रक करून देत होते, श्वासाचे व्यायाम शिकवत होते. शेवटी तिच्या मामाने तिला मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेलं. रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड निघालं. तिचं सत्र हातचं गेलं. तिची आई मला म्हणाली, “मॅडम, तुम्ही एवढा वेळ दिला.” ते वाक्य मला आजही टोचतं. माझ्याकडे एम.ए.ची पदवी होती, पण ‘आधी डॉक्टरला दाखव’ एवढं म्हणायला शिकवणारं कोणी माझ्यावर नव्हतं.

पेज हवंच असेल तर झोप, अभ्यास, परीक्षेची भीती यांवर नीट वाचून लिही. नावापुढं मानसोपचारतज्ज्ञ किंवा थेरपिस्ट लावू नकोस. कोणी मेसेजमधून जास्त मोकळं झालं तर त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दे. सरकारी आहे, फुकट आहे, २०२२ पासून चालू आहे. आणि एम.ए.चा अर्ज भर.

प्रश्न : वय ४१, बी.कॉम., त्रिमूर्तीनगर. मुलं मोठी झाली. दूरशिक्षणाने एम.ए. मानसशास्त्र करून समुपदेशक होता येईल का?

उत्तर : ताई, वयाची अडचण नाही, दूरशिक्षणाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. अजूनही कोणी ‘घरबसल्या एम.ए.’ची जाहिरात करत असेल तर पैसे देऊ नका. नियमित वर्गात बसायची तयारी ठेवा. बी.कॉम.वर प्रवेश मिळतो का, हे विद्यापीठात जाऊन विचारा आणि जो नियम सांगतील तो कागदावर मागून घ्या. माझ्या वर्गात तुमच्याएवढ्या दोघी होत्या. पहिल्या बाकावर बसायच्या आणि त्यांच्यामुळे मागच्या बाकांवरची पोरंही प्रश्न विचारू लागली होती.