पाणथळीत रस्त्याचा भराव : अधिसूचना नाही, मग दाद कुठे मागायची?

प्रश्न : गावाबाहेर सुमारे चार हेक्टरची नैसर्गिक पाणथळ जागा आहे. तिच्यातून बाह्यवळण रस्ता जातोय. पाच महिन्यांपूर्वी डंपरने मुरूम टाकायला सुरुवात झाली. तेव्हापासून मी अर्जांवर अर्ज देतोय. ‘ही जागा अधिसूचित नाही, काम थांबवता येणार नाही’, असे तहसीलमध्ये तोंडी सांगतात. काय करावे?

उत्तर : आता आणखी अर्ज देत बसू नका. पर्यावरणाचे वाद राष्ट्रीय हरित लवादाकडे चालतात. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010 च्या कलम 14 नुसार वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत लवादाकडे जावे लागते. सबळ कारण दाखवले तर जास्तीत जास्त 60 दिवस आणखी मिळतात, त्यापुढे नाही. तुम्ही तहसीलला दिलेल्या अर्जांमुळे ही मुदत थांबत नाही. पहिला डंपर ज्या दिवशी आला, त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा. चांगली प्रकरणे निव्वळ या एका कारणाने बाद होतात, म्हणून हे आधी सांगतोय.

आता तहसीलच्या उत्तराबद्दल. 2017 च्या पाणथळ नियमांतील बंदी रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना) आणि सरकारने अधिसूचना काढून जाहीर केलेल्या जागांना लागू होते, एवढे त्यांचे बरोबर आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने एम. के. बालकृष्णन प्रकरणात 2017 सालीच देशातील 2,01,503 पाणथळींना संरक्षण दिले, आणि त्यासाठी अधिसूचनेची वाट पाहिली नाही. उपग्रह नकाशांवरून केलेल्या राष्ट्रीय सूचीतल्या, 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या अशा या जागा आहेत. 2010 च्या पाणथळ नियमांतील नियम 4 ची तत्त्वे त्यांना लागू आहेत आणि त्या नियमात भराव घालण्यास मनाई आहे. तुमची जागा या सूचीत आहे का, हे लगेच तपासा. असेल तर ‘अधिसूचित नाही’ हे उत्तर टिकणार नाही.

सातबारा आणि गावनकाशाही काढा. सिंचनासाठी बांधलेला तलाव अशी नोंद निघाली, तर समोरचा वकील 2017 च्या नियमांतील व्याख्येवर बोट ठेवेल. त्या व्याख्येत असे तलाव, नदीचे पात्र आणि भातखाचरे येत नाहीत.

लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अर्ज करा. नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क 1,000 रुपये आहे. भरावाचे तारीख आणि ठिकाण दिसणारे फोटो, भरावापूर्वीची उपग्रह छायाचित्रे आणि तुमच्या अर्जांच्या पोचपावत्या जोडा. रस्त्याची मंजूर आखणी आणि मोऱ्यांचे आराखडे माहितीच्या अधिकारात मागवा, पण ते येईपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका. ती कागदपत्रे मागाहून दाखल करता येतात.

मागणी नुसती ‘रस्ता रद्द करा’ अशी ठेवू नका, कारण रस्ता सार्वजनिक हिताचा आहे हा बचाव येणारच. भरावाला तातडीची स्थगिती, टाकलेला मुरूम उचलणे आणि पर्यायी आखणी, हे क्रमाने मागा. ते नाहीच जमले तर निदान खांबांवरचा रस्ता मागा. पाणथळीच्या मधोमध बांध पडला आणि मोऱ्या अपुऱ्या असल्या, तर एका बाजूला पाणी तुंबते आणि दुसरी बाजू कोरडी पडते. तुमच्याकडे हे आत्ताच दिसू लागले असेल, तर दोन्ही बाजूंचे फोटो अर्जासोबत सर्वांत वर लावा.