इंग्लंडमध्ये एकटा आहे, खिशात पैसे कमी, नाताळ साधेपणाने कसा साजरा करू?

तुझ्या प्रश्नावरून एवढं कळलं की तू सप्टेंबरमध्ये मास्टर्सला आलायस, घर सोलापूरकडचं, घरात आजोबांच्याही आधीपासून सगळे ख्रिस्ती, हा पहिलाच नाताळ घराबाहेर आणि हाउसमेट २० तारखेलाच आपापल्या गावी पळणार. वयाने लहान असशील म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको. मी नगरची (कागदावर आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं), इथे मिडलंड्समध्ये (इंग्लंडचा मधला भाग) एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे आणि बरेच नाताळ ड्युटीवर काढलेत, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, इथला ख्रिसमस आणि आपला नाताळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे नाताळ म्हणजे उघडं दार. रात्री चर्चच्या तरुण संघाची पोरं पेटी ढोलकी घेऊन गाणी म्हणत घरोघर येणार, आई त्यांना उभ्या उभ्या चहा पाजणार, करंज्या चकल्या शंकरपाळ्यांचे डबे दिवाळीसारखेच भरलेले, आणि २५ ला उपासना झाली की आम्हा पोरांना कामाला लावायचे, हे ताट जोशीकाकूंकडे, हे शेख भाभींकडे, कारण दिवाळी-ईदला त्यांच्याकडून आलेलं असतं ना. इथे उलटं आहे. महिनाभर बाजारात नुसता धुरळा आणि खुद्द २५ ला सगळे दार लावून घरात, घरच्यांबरोबर जेवण, टीव्ही, झोप. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ख्रिस्ती देशात चाललोय, तिथला नाताळ काय दणक्यात असेल असं वाटून आलेल्या आपल्या लोकांना हा झटका बसतोच. वर कोणीतरी सहकारी विचारते, अय्या तुम्ही पण ख्रिसमस करता, कन्व्हर्ट कधी झालात? तिला सांगावं लागतं की बाई, आमच्या नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आलं, आमच्या घरात चार पिढ्या झाल्या. असो.

तर व्यवहाराचं सांगते. २५ ला ट्रेन जवळजवळ नसतातच, लंडनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, पूर्ण बंद, बसेस बहुतेक गावांत नाहीत. मोठी दुकानं, म्हणजे २८० चौरस मीटरच्या वरची, त्या दिवशी उघडायला कायद्यानेच बंदी आहे, २००४ चा कायदा आहे तसा. २४ ला पण संध्याकाळी लवकर शटर पडतं. म्हणजे दूध ब्रेड कांदे जे काय लागेल ते २४ च्या दुपारपर्यंत घरात पाहिजे, आणि चर्च असं शोध जिथे पायी जाता येईल, नाहीतर टॅक्सीवालाच तुझा नाताळ खाऊन टाकेल.

आता माझा खरा मुद्दा. सगळा देश बंद म्हणजे सगळे देशी लोक घरी रिकामे बसलेले! हे कोणाच्या लक्षात येत नाही. मराठी मंडळाचे लोक, तुझ्या वर्गातली तेलुगू पोरं, खालच्या मजल्यावरचा पाकिस्तानी टॅक्सीवाला त्याची शिफ्ट नसेल तर, कोणालाच कुठे जाता येत नाही, दुकान उघडं नाही, फिरायला थंडी, आणि संध्याकाळी चारलाच अंधार. ते कंटाळलेले असतात रे. त्यांना बोलाव किंवा तू ताट घेऊन त्यांच्याकडे जा. मला पहिल्या वर्षी वाटायचं की दिवाळीला सगळे आपल्याला बोलावतात आणि आपल्या सणाला कोणाला आठवण पण नसते, मग एका वर्षी हॉस्पिटलमधल्या तीन-चार जणींना सरळ मेसेज टाकला, आज आमचा नाताळ आहे, जेवायला या, आणि झाडून सगळ्या आल्या, एक तर नवरा सासू मुलं सगळं लटांबर घेऊन, खुर्च्या पुरेनात म्हणून सुटकेसवर बसून जेवले लोक. आपला नाताळ आहे हे आपणच सांगायचं असतं, लोकांना कळणार कसं, आपलं आडनाव तर कांबळे नाहीतर गायकवाड असतं.

खायचं काय? टर्की वगैरेच्या नादाला लागू नको, एवढा मोठा पक्षी तुझ्या ओव्हनमध्ये मावायचा नाही आणि चवीला म्हणशील तर आपल्या कोंबडीच्या रश्श्यापुढे काहीच नाही. तळण पण नको, भाड्याच्या घरात चकल्या तळायला घेतल्या की धुराचा अलार्म कोकलतो आणि होस्टेल असेल तर अख्खी बिल्डिंग थंडीत खाली उभी राहते तुझ्या नावाने बोटं मोडत. शंकरपाळ्या ओव्हनमध्ये बऱ्यापैकी होतात. पण सगळ्यात स्वस्त आणि मस्त म्हणजे गाजर हलवा. नाताळच्या आधीच्या आठवड्यात इथली सुपरमार्केटं एकमेकांच्या खुन्नसवर गाजर बटाटे अक्षरशः काही पेन्सना विकतात, ते ख्रिसमसच्या जेवणाला लागतात म्हणून. एक किलो गाजर किसायचं, दोन-तीन चमचे बटरवर पाणी आटेपर्यंत परतायचं, याला चांगला अर्धा तास जातो तेव्हा घाई करू नको, मग कंडेन्स्ड मिल्कचा ३९७ ग्रॅमचा डबा येतो तो ओतायचा (गोड कमी खात असशील तर पाऊण डबाच), कडेने सुटायला लागलं की वेलची. आठ-दहा माणसांना वाटीवाटीने पुरतो. नगरला आम्ही नाताळला हलवा नाही करत, पण इथे गाजर स्वस्त आहे तर आपला सण गाजराचा.

चर्चचं म्हणशील तर २४ ला रात्री अकरा साडेअकराला बऱ्याच अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या) चर्चमध्ये प्रभुभोजनाची उपासना असते, कोणीही जाऊन बसावं, कोण कुठला विचारत नाहीत. जमलं तर त्याआधी मुलांची ख्रिस्टिंगल म्हणतात ती उपासना बघ. प्रत्येकाच्या हातात एक संत्रं देतात, म्हणजे जग, त्याला लाल रिबन गुंडाळलेली, म्हणजे प्रभूचं रक्त, चार काड्यांना मनुका नाहीतर जेली टोचलेली ते चार ऋतू, आणि वर मधोमध मेणबत्ती. दिवे घालवतात आणि सगळी पोरं ती संत्री धरून गातात, रिबन जळायच्या भीतीने आयांचे जीव टांगणीला. आणि कुठे येशूजन्माचं नाटुकलं असलं तर त्यात मेंढपाळ झालेली पोरं डोक्याला भांडी पुसायचं फडकं बांधतात, आमच्या संडे स्कूलला मेंढपाळाला खरी घोंगडी असायची, धनगराकडून मागून आणलेली, त्यामुळे मला हे फडकं बघून दर वेळी हसू येतं.

घरात एकटाच असशील तर २४ ला दुपारी तीनला बीबीसीचा रेडिओ फोर लाव. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून नऊ वाचनं आणि गाणी असा कार्यक्रम असतो, १९१८ ला सुरू झालेला, रेडिओवर १९२८ पासून, फुकट आहे. पण ते ऐकून झालं की आपलं पण म्हण. एकटा असलास तरी मोठ्याने म्हण. माझ्याकडे आईने दिलेलं जुनं 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक आहे, बाइंडिंग सुटलंय, टिळकांची, म्हणजे आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन, त्यांची पदं त्यात आहेत, ती पेटीवरच शोभतात, पण मी टेबल वाजवून म्हणते. ऑर्गनवर कितीही सुंदर गायले ना, तरी मराठीत म्हटल्याशिवाय मला नाताळ झालाय असं वाटतच नाही, हा माझा दोष समज.

घरच्यांशी बोलायचं गणित असं, हिवाळ्यात इथलं घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणजे सोलापूरला रात्रीचे बारा वाजले की तुझ्याकडे संध्याकाळचे साडेसहा. तेव्हाच फोन कर, नंतर तिकडे झोपतील. मला २४ ची नाईट असली की मी ब्रेक पहाटे साडेतीनला मागून घेते, तेव्हा नगरला नऊ वाजतात, उपासना सुरू होत असते, भाऊ मोबाइल मागच्या बाकावर टेकवून ठेवतो. पाळकसाहेब दिसतच नाहीत, पुढच्या बाईंचा अंबाडा दिसतो तासभर, गाणी मात्र ऐकू येतात आणि कोण बेसूर गातंय ते आवाजावरून ओळखू येतं.

आणि पार्ट टाइम जॉबवाल्यांनी २५ लाच शिफ्ट लावली तर जीवाला लावून घेऊ नको. नाताळ इथे ६ जानेवारीपर्यंत चालतो असं चर्चच मानतं, आपल्याकडे पण ३१ च्या रात्रीची वर्षअखेरची उपासना होईस्तोवर कोण डबे आवरतं? २७ ला लोकांना बोलाव, तेव्हा तर स्टारपासून मेणबत्त्यांपर्यंत सगळं अर्ध्या किमतीत मिळतं. स्टार मात्र २४ च्या आधीच खिडकीत लाव, कागदाचा चालेल, दिवाळीचा आकाशकंदील असेल कोणाकडे तर तोच मागून आण.

आमच्या बाजूला असलास त्या दिवसांत तर इथे खाली लिही, जेवायला ये. डबा घेऊन ये म्हणजे रश्शाबरोबर परत नेता येईल. सलाम.