ऑपरेटिंग सिस्टिम्सची सुरुवात कुठून करावी?

शेड्युलिंगची (सीपीयू कोणाला कधी द्यायचा हे ठरवण्याची) गणितं सोपी, म्हणून बरेच जण तिथेच रमतात. तू आधी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, ही कल्पना पक्की कर. लिनक्सवर सी प्रोग्रॅममध्ये लागोपाठ तीन फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढणारा कॉल; मूळ ती पॅरेंट, प्रत ती चाइल्ड) लिही आणि एकूण ८ प्रोसेस का होतात ते कागदावर झाड काढून बघ.

सुरुवातीच्या चुका:

- पॅरेंटमध्ये वेट (चाइल्ड संपण्याची वाट बघणारा कॉल) न लिहिणं. चाइल्ड संपूनही, पॅरेंट चालू असेपर्यंत, तिची नोंद झोंबी म्हणून प्रोसेस टेबलात उरते.
- काउंटर एकने वाढवणं ही एकच क्रिया समजणं. खरं तर वाचणं, वाढवणं, परत लिहिणं अशी तीन पावलं असतात. दोन थ्रेडना (एकाच प्रोसेसमध्ये सोबत चालणाऱ्या, मेमरी वाटून घेणाऱ्या वाटा) तोच काउंटर प्रत्येकी १०,००,००० वेळा वाढवायला लाव, कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून. उत्तर बहुधा २०,००,००० पेक्षा कमी येईल. मग म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावून बघ. हा प्रयोग अजिबात टाळू नकोस.

कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड सध्या राहू दे.