पणजोबा "जर्मनच्या लढाईत", म्हणजे पहिल्या महायुद्धात गेले, आता शोधायचं कसं?

अरे, आधी वेबसाइटवर जाऊ नकोस, आधी घरातली ट्रंक उघड. पेन्शनचा कागद, मेडल, मोडीतलं एखादं पत्र, काहीही. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंगाने बघ आणि घासूनपुसून चकचकीत करू नकोस, आमच्याकडे काकूने चिंच लावून अर्धा नंबर घालवला.

आणि आजी "लष्करात होते" म्हणाली की नीट विचार, आपल्या ग्वाल्हेरला लष्कर म्हणजे शहराचा एक भागपण असतो ना, मी सहा महिने त्यात घालवलेत.

पलटण कळली की निम्मं काम झालं. शिंदे सरकारची एक पायदळ पलटण सुएझ कालव्यावर होती, दुसरीची तुकडी १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत गेलेली, टांगाच्या मोहिमेत, म्हणजे आजचं टांझानिया. त्यामुळे घरचे "बसरा" (इराकमधलं) म्हणाले तरी डोळे मिटून धरू नकोस.

मग लढाईत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर शोध, फुकट आहे, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले मृत्यू तिथे असतात. आडनाव टाकू नकोस, बऱ्याचदा नुसतं "गणपत" किंवा "रामराव" असतं आणि स्पेलिंग साहेबाच्या कानाला आलं तसं. नाही सापडलं तर खचू नकोस, पूर्व आफ्रिकेत कित्येक हिंदी शिपायांची नावं दगडावर आलीच नाहीत.

त्र्यंबकेश्वरला तुमच्या उपाध्यांची, घराण्याच्या नोंदींची वही बघितलीस का? आमच्या माणसाचं वर्ष तिथेच सापडलं.