नगरपरिषदेचा सर्व्हर लॉक झालाय, राज्याला कळवायचं की केंद्राला? – माझं उत्तर

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्याकडचं सगळं आठवलं. घरपट्टीच्या सर्व्हरवरच्या फायली उघडत नाहीत, स्क्रीनवर डॉलरमधे मागणी, ठेकेदार म्हणतोय फॉरमॅट मारू आणि सीओ साहेब (मुख्याधिकारी) विचारतायत कळवायचं कुणाला. नेटवर्कची वायर काढलीच असेल, पैसे द्यायचे नाहीत हेही माहीत असेल, ते सोडतो.

कळवायचं दोन्हीकडे आणि आजच. सर्ट-इन म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणारी केंद्राची संस्था, तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सरकारी संस्थांनाही आहेत, लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा म्हणतात. सर्ट-इनला मेल टाका, राज्यातल्या वरच्यांना प्रत लावा, पण वरून होकार यायची वाट बघू नका. हे ठासून सांगतोय कारण आमचं घोडं इथेच अडलं.

वरच्या एका कार्यालयाला (नाव घेत नाही, अजून आमच्या फायली तिकडेच जातात) फोन केला तर म्हणे लेखी द्या. दिलं. ते "उचित कार्यवाहीस्तव" दुसऱ्या टेबलावर गेलं, तिथून अभिप्रायासाठी आमच्याकडेच परत!! आणि हेच लोक रोज फोन करून विचारायचे की मार्चअखेर आहे, वसुली का थांबली, आजच्या आज काउंटर सुरू करा. ठेकेदाराला तेवढंच निमित्त पुरलं, फॉरमॅट मारून मोकळा. सायबर पोलीस आले तेव्हा त्यांना दाखवायला काय, तर कोरं करकरीत विंडोज. कुठून शिरले, कुणाचा डेटा गेला, आजतागायत कळलेलं नाही. बॅकअप जुना, मधल्या पावत्या ऑपरेटरांनी हाताने भरल्या, लोक भरलेल्या पावत्या नाचवत भांडायला यायचे आणि त्यांचं बरोबरच होतं.

म्हणून सर्व्हरची डिस्क काढून बाजूला ठेवा, पंचनामा करा, काम नव्या डिस्कवर सुरू करा. खर्च किरकोळ आहे. आयटी अ‍ॅक्टच्या गुन्ह्याचा तपास पीआय किंवा वरचाच अधिकारी करू शकतो, त्यामुळे चौकीत हेलपाटे न घालता थेट जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं गाठा. मी वकील नाही, कलमं त्यांनाच विचारा.

दुसरं म्हणजे आत्ताच शेजारच्या नगरपरिषदांना फोन लावा. एकच ठेकेदार आसपासच्या चार गावांचं काम बघतो आणि रिमोटचा (लांबून सर्व्हरमधे शिरायचा) पासवर्ड बहुतेक सगळीकडे तोच असतो, हे आपल्याला काय नवीन नाही. ऑगस्ट २०१९ मधे अमेरिकेत टेक्सासच्या वीसेक छोट्या शहरांवर आणि स्थानिक कार्यालयांवर एकाच दिवशी रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा हाच प्रकार) आलं ते असंच, त्यांची सिस्टीम सांभाळणाऱ्या एका कंपनीमार्फत. फरक इतकाच की तिथे राज्याच्या आयटी खात्याकडे योजना आधीच तयार होती, त्यांनी सूत्रं हातात घेतली, माणसं गावोगाव पाठवली आणि खंडणी न देता आठवड्याभरात बहुतेक ठिकाणी गाडी रुळावर आणली. आपल्याकडे सहकार्य म्हणजे परिपत्रक आणि वर्षातून एकदा चहा-बिस्किटांची कार्यशाळा. माझं मत कडवट वाटेल, चांगले अधिकारीही भेटलेत, पण प्रत्येक जिल्ह्याला रात्री फोन उचलणारा एक माणूस द्या आणि "डिस्कला हात लावू नका" असं ठेकेदाराला सुनवायचा अधिकार त्याला द्या, बाकी पोर्टल नंतर काढा.

निस्तरलं की पुढच्या निविदेत दोन अटी टाकून घ्या: अ‍ॅडमिन पासवर्ड नगरपरिषदेच्या ताब्यात, आणि लॉग, म्हणजे सिस्टीममधे कोण कधी शिरलं, काय केलं याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे (हेही सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत आहे). ठेकेदार कुरकुर करतील, करू द्या. आणि मागणी रजिस्टरची (कुणाकडून किती घरपट्टी येणं आहे त्याची) पीडीएफ दर महिन्याला वेगळ्या हार्डडिस्कवर काढून ती लेखापालांच्या कपाटात कुलपात ठेवा, सर्व्हरला जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून धरू नका, तीही सोबतच लॉक होते.